झुडपाचें जंगल झालें. आतां गरिबाच्या शेताचें काय?

सर्वोच्च न्यायालयानें २२ मे २०२५ रोजीं झुडपी जंगलाच्या प्रश्नावर जो निकाल दिला, तो नागपुरांतील व भंडाऱ्यांतील बहुतेक सुशिक्षितांनीं एका दिवसाची बातमी म्हणून वाचला आणि दुसऱ्या दिवशीं बाजूस ठेविला. शहरांतील माणसास त्यांत आपलें कांहीं आहे असें वाटलें तें एवढ्यापुरतेंच कीं, आपलें घर, आपली शाळा किंवा आपली कचेरी ज्या जमिनीवर उभी आहे ती आतां नियमित होईल कीं नाहीं. ही चिंता खोटी नव्हती, व न्यायालयानें तिची दखलहि घेतली. परंतु तुमसर तालुक्यांतील सिहोऱ्याच्या बाजारांत जो माणूस डोक्यावर मोहफुलांची पाटी किंवा धानाचें गांठोडें घेऊन येतो, त्याच्या तुकडाभर शेताचें ह्या निकालानंतर काय होणार, हा प्रश्न फारसा कोणीं विचारला नाहीं. तो विचारणें हें आजच्या लेखाचें प्रयोजन आहे; आणि आमचे वाचक बहुतेक गांवठाणांत पक्क्या घरांत राहणारे व व्यापारउदीम करणारे असल्यामुळें तो त्यांनाच विचारणें आम्हांस अधिक अगत्याचें वाटतें.

झुडपी जंगल म्हणजे काय, हें प्रथम स्पष्ट केलें पाहिजे. कारण शब्दांत जंगल असलें तरी डोळ्यांना तेथें जंगल दिसतेंच असें नाहीं. मुरमाड, हलक्या प्रतीची, कोणाच्याहि नांवें न लागलेली व झुडपें उगवलेली जी पडीत जमीन, तिला आमच्या पूर्व विदर्भांत झुडपी म्हणतात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या सहा जिल्ह्यांच्या महसुली दप्तरांत ह्या नांवाच्या नोंदी आहेत. पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या माणसास हा शब्द समजावून सांगावा लागतो. ह्याचें कारण इतिहासांत आहे. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला व त्यानंतरच्या बंदोबस्तांत इंग्रज सरकारनें गांवोगांवच्या मालगुजारांस जमिनीचे मालक ठरविलें. गांवच्या शिवेंतील पडीत जमीन व लहानसें जंगल हें मालगुजाराचें झालें, मोठें जंगल सरकारनें आपल्याकडे राखून ठेविलें, आणि रयतेच्या वांट्यास आला तो निस्ताराचा हक्क: गुरें चारण्याचा, सरपण, गवत व नांगरापुरतें लांकूड आणण्याचा. हा हक्क वाजिब-उल-अर्ज नांवाच्या कागदांत लिहून ठेवीत. झुडपी जमीन ही ह्या निस्ताराचीच जमीन होय.

स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली. १९५० च्या कायद्यानें ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क सरकारजमा झाले, व त्यांबरोबर ही झुडपी जमीनहि सरकारकडे आली. १९५६ सालीं हे जिल्हे मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आले. राज्य बदललें, दप्तर मात्र तेंच राहिलें. त्या दप्तरांत जो 'झुडपी जंगल' हा शब्द एखाद्या कारकुनानें केवळ ओळखीकरितां लिहिला होता, त्याला पुढें कायद्याचे दांत फुटले. २५ ऑक्टोबर १९८० पासून वनसंरक्षण कायदा लागू झाला आणि केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवांचून वनजमीन दुसऱ्या कामास लावण्याची बंदी झाली. १२ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें गोदावर्मन खटल्यांत असें ठरविलें कीं, वन ह्या शब्दाचा अर्थ कोशांतील अर्थाप्रमाणें घ्यावा, व सरकारी दप्तरांत जी जमीन वन म्हणून नोंदली आहे तिलाहि, मालकी कोणाचीहि असो, हाच कायदा लावावा. तेव्हांपासून ह्या सहा जिल्ह्यांतील झुडपी जमीन महसूल खात्याची कीं वनखात्याची, हा वाद लोंबकळत राहिला. ह्या मधल्या काळांत त्याच जमिनीवर घरें झालीं, शाळा झाल्या, स्मशानें झालीं, सरकारी कचेऱ्या झाल्या, आणि गरिबानें आपल्या हातांनीं बांध घालून धानाच्या बांध्याहि काढल्या.

तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई व न्यायमूर्ति ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांनीं हा वाद संपविला. सुमारें ८६,००० हेक्टर, म्हणजे दोन लाख एकरांहून अधिक झुडपी जमीन वनव्यवस्थापनास अयोग्य आहे, सबब ती वनांतून वगळावी, असें राज्य सरकारचें म्हणणें होतें. न्यायालयानें तें सरसकट मान्य केलें नाहीं. १९९६ च्या आज्ञेस अनुसरून झुडपी जमीन हें वनच होय असा निर्णय दिला. त्याबरोबर एक अपवाद केला. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत अधिकारी व्यक्तीनें ज्या जमिनी रीतसर वाटून दिल्या व ज्यांचें वर्गीकरण बदललेलें नाहीं, त्यांकरितां राज्यानें केंद्राकडे संमति मागावी, व ती देतांना भरपाईचें वनीकरण किंवा वनाच्या किंमतीची रक्कम यांचा आग्रह धरूं नये. त्या तारखेनंतर ज्या अधिकाऱ्यांनीं जमिनी वाटल्या, त्यांच्यावर कारवाई केल्यानंतरच तशा प्रकरणांचा विचार व्हावा. १९८० नंतर व्यापारी कामासाठीं दिलेल्या जमिनी अतिक्रमण समजाव्या. आणि प्रत्येक जिल्ह्यांत महसूल, पोलीस, वन व भूमिअभिलेख ह्या खात्यांच्या अधिकाऱ्यांचें कृतिदल नेमून दोन वर्षांच्या आंत अतिक्रमणें काढावीं.

ह्या निकालांत विवेक आहे, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. राहत्या माणसास एका लेखणीच्या फटकाऱ्यानें उठवूं नये ही दृष्टि त्यांत आहे. वाटप करणाऱ्या अधिकाऱ्यास जाब विचारावा ही दृष्टि त्याहून दुर्मिळ आहे. तथापि निकालाचा शब्द ज्यांच्यापर्यंत पोंचत नाहीं असा एक वर्ग मागें उरतो. 'अधिकारी व्यक्तीनें रीतसर वाटून दिलेली जमीन' ह्या शब्दांत ज्याच्याजवळ पट्टा आहे तो बसतो. ज्याच्याजवळ पट्टा नाहीं, केवळ नांगर आहे, तो बसत नाहीं. त्याच्यासाठीं उरतें तें कृतिदल.

हा मनुष्य कोण? आम्ही कोणा एकाचें नांव घेत नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याशीं, बावनथडी व वैनगंगेच्या मुलुखांत असलीं कुटुंबें पाहण्यास फार शोध करावा लागत नाहीं. आजा मालगुजाराच्या घरीं सालदार होता. मालगुजारी गेली तेव्हां कसणाऱ्या कुळांच्या नांवें जमीन लागली; पण सालदार कूळ नव्हता, म्हणून त्याच्या नांवें कांहींच लागलें नाहीं. त्यानें गांवाबाहेर टोलीवर झोपडी घातली, समोरचीं झुडपें तोडलीं, पावसाचें पाणी अडेल असा बांध घातला, व तीन-चार वर्षांनीं तेथें हलकें धान येऊं लागलें. तलाठी आला, दंडाची पावती देऊन गेला. पुढच्या वर्षीं पुनः आला, पुनः पावती. दंड भरणें हेंच ह्या घराचें सारा भरणें होऊन बसलें. आतां नातू त्याच बांधींत पऱ्हे लावतो. त्याच्या दृष्टीनें हें शेत आहे, महसुलाच्या दृष्टीनें पडीत आहे, आणि २२ मे २०२५ पासून कायद्याच्या दृष्टीनें तें अरण्य आहे. एकाच एकराचीं तीन नांवें, आणि तिन्ही नांवें ठेवणाऱ्यांत तो स्वतः एकदांहि नव्हता.

येथें आमचे कांहीं मित्र आक्षेप घेतील, व तो आक्षेप हलका नाहीं. ते म्हणतील, जो तो झुडपें तोडून शेत करूं लागला तर जंगल राहणार कोठें? भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी लोकांच्या परिश्रमानें झालेले मालगुजारी तलाव अजून धानाला पाणी देतात, आणि त्यांच्या वरचें रान उघडें पडलें तर तलाव गाळानें भरतात. दुसरें असें कीं, झुडपी जमीन ही कोणा एकाची नसून गांवच्या गुरांची आहे. एकानें ती नांगरली तर दहा जणांच्या गाईंचें गवत गेलें, आणि त्या दहांत भूमिहीनच अधिक असतात. तिसरें असें कीं, गरिबाच्या नांवाआड धनिक उभा असतो. टोलीवाल्याच्या दोन एकरांची दया दाखवून पेट्रोलपंपवाला, ढाबेवाला व भूखंडांचा व्यापारी आपलेंहि काम साधून घेतो.

हे तिन्ही आक्षेप आम्हांस मान्य आहेत. म्हणूनच सगळीं अतिक्रमणें सरसकट नियमित करा अशी सवंग मागणी आम्ही करीत नाहीं. निवडणुकीच्या तोंडावर असलीं आश्वासनें देणारे पुढारी गरिबाचें हित करीत नाहींत. ते त्याला पुढल्या निवडणुकीपर्यंत भयांत ठेवितात. आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, कोणाचें शेत पोट भरण्याचें व कोणाचें अतिक्रमण पैसा करण्याचें, हें ओळखण्याची रीत कायद्यानें अगोदरच घालून दिली आहे. ती बाजूस सारून केवळ पट्टा आहे कीं नाहीं ह्या एकाच प्रश्नावर माणसाचें भवितव्य ठरवूं नये.

ती रीत म्हणजे २००६ सालचा वनहक्क कायदा. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्यावर जो ऐतिहासिक अन्याय झाला तो दूर करण्यासाठीं हा कायदा केला, असें संसदेनें त्याच्या प्रस्तावनेंतच म्हटलें आहे. आतां त्यांतील वनजमिनीची व्याख्या पाहावी. वनक्षेत्रांतील कोणत्याहि प्रकारची जमीन, आणि तींत अवर्गीकृत वनें, सीमांकन न झालेलीं वनें, मानीव वनें, संरक्षित व राखीव वनें, अभयारण्यें व राष्ट्रीय उद्यानें, इतकीं सर्व ती व्याख्या आपल्या पोटांत घेते. ज्या जमिनीस न्यायालयानें वन ठरविलें, ती ह्या व्याख्येबाहेर राहूं शकत नाहीं. इतके दिवस झुडपी जमिनीवरील मनुष्य वनहक्क मागावयास गेला कीं त्यास सांगतां येत असे, ही वनाची जमीन नव्हे, महसुलाची आहे. तुमचा दावा येथें चालत नाहीं. आतां तें उत्तर संपलें. जमीन वन असेल तर तिच्यावर वनाचे निर्बंध येतील, आणि वनाचे हक्कहि येतील. एकाच जमिनीला, हुसकावतांना जंगल म्हणावें आणि हक्क देतांना पडीत म्हणावें, असा दुटप्पी व्यवहार कोणत्याहि सुसंस्कृत राज्यास शोभणारा नाहीं.

ह्या कायद्याचें चौथें कलम तर आजच्या प्रसंगासाठींच लिहिलें आहे असें वाटावें. हक्कांची मान्यता व पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाहि वननिवासीस त्याच्या ताब्यांतील वनजमिनीवरून काढतां येत नाहीं. जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीं ताब्यांत असली पाहिजे. मिळणारा हक्क प्रत्यक्ष ताब्यापुरता व चार हेक्टरांहून अधिक नसावा. तो वारशानें चालेल पण विकतां येणार नाहीं. आणि विवाहित दावेदार असल्यास पती व पत्नी दोघांच्या नांवें नोंदला जाईल. आमच्या मित्रांच्या तिसऱ्या आक्षेपास ह्याहून चोख उत्तर कोणतें? जी जमीन विकतां येत नाहीं तिच्यावर भूखंडांचा व्यापारी झडप घालीत नाहीं. आणि एक कायदा दुसऱ्यास मारील असा अर्थ न लावतां, दोन्ही नांदतील असा अर्थ लावावा, हें न्यायशास्त्रांतील जुनें तत्त्व आहे. न्यायालयानें अतिक्रमण काढण्यास सांगितलें. संसदेनें अतिक्रमण कोणतें व हक्क कोणता हें आधीं तपासण्यास सांगितलें. तपास आधीं व हटविणें मागाहून, इतका साधा क्रम लाविला म्हणजे दोन्ही आज्ञा पाळल्या जातात.

परंतु ह्या कायद्यांतहि एक काटा आहे, आणि तो भंडारा जिल्ह्यास विशेष बोचतो. अनुसूचित जमातीच्या माणसानें २००५ पूर्वींचा ताबा दाखविला म्हणजे पुरतें. इतरांनीं मात्र त्या तारखेपूर्वीं तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षें, वनाच्या आधारानें वास्तव्य केल्याचें सिद्ध केलें पाहिजे. हिशेब केला तर गोष्ट १९३० सालापर्यंत मागें जाते. एकाच टोलीवर गोंडाचें घर व गोवाऱ्याचें घर शेजारी-शेजारी असतें. दोघांनीं एकाच उन्हाळ्यांत झुडपें तोडलेलीं असतात. गोवारी हा पिढीजात गुराखी. झुडपी जमिनीवर गांवचीं गुरें चारणारा. त्याची जमात कोणती ह्या वादापायीं २३ नोव्हेंबर १९९४ रोजीं नागपुरांत विधानभवनाजवळ चेंगराचेंगरींत ११४ जीव गेले. २०१८ सालीं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें गोवाऱ्यांच्या बाजूनें निकाल दिला. १८ डिसेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. म्हणून आज गोंडाचा दावा एका पायरीचा आहे, तर शेजारच्या गोवाऱ्याचा, ढिवराचा व दलित भूमिहीनाचा पंचाहत्तर पायऱ्यांचा. ही अट कमी व्हावी असें आमचें स्पष्ट मत आहे. ती कमी होईपर्यंत निदान तिचा अर्थ तरी बरोबर लावावा: कायद्याच्या शब्दांत अट वास्तव्याची व वनावरील अवलंबनाची आहे, तोच तुकडा पंचाहत्तर वर्षें नांगरल्याची नव्हे.

पुराव्याचीहि तीच गोष्ट. कचेरींत गरिबास पहिला प्रश्न विचारतात तो 'कागद आहे काय?' हा. १९३० सालचा कागद सालदाराच्या नातवाजवळ कसा असावा? तो कागद असलाच तर सरकारजवळ आहे: बंदोबस्ताच्या मिसलींत, निस्तारपत्रकांत, वाजिब-उल-अर्जांत, मतदारयादींत. वनहक्काचे नियम ह्या बाबतींत उदार आहेत. घर, झोपडी, बांध, सपाट केलेली जमीन हा पुरावा होतो. दावेदाराहून वेगळ्या अशा वयोवृद्ध माणसाची लेखी जबानी हा पुरावा होतो. आणि अमुक एकच कागद आणा असा हट्ट धरूं नये, असें २०१२ च्या दुरुस्तीनें स्पष्ट केलें आहे. दावा प्रथम ग्रामसभेपुढें जावा, नामंजूर करतांना कारण लेखी द्यावें, व साठ दिवसांत वर दाद मागतां यावी, हाहि नियम आहे. उणें आहे तें नियम गरिबाच्या कानापर्यंत पोंचविणाऱ्यांचें.

कारण न देतां नामंजूर केलेल्या दाव्यांवर विसंबून माणसें उठविणें किती धोक्याचें आहे, हें देशानें एकदां पाहिलें आहे. १३ फेब्रुवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, ज्यांचे वनहक्क दावे फेटाळले गेले त्यांना वनांतून काढण्याची आज्ञा दिली. देशभर हाहाकार झाला. दावे फेटाळतांना रीत पाळली नाहीं असें समोर आलें. आणि २८ फेब्रुवारीस, म्हणजे पंधरवड्यांतच, न्यायालयानें स्वतःच ती आज्ञा तहकूब केली व रीत कशी पाळली तें राज्यांना विचारलें. झुडपी जंगलाच्या बाबतींत हा फेरा पुनः घेण्याचें कारण नाहीं. आधीं विचारा, मग काय तें करा.

हा प्रश्न आमच्या राष्ट्रीय परंपरेशींहि निगडित आहे. १० जुलै १९३० रोजीं लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसदजवळ सरकारी रानांतील गवत कापून जंगल सत्याग्रह केला. मिठाचा समुद्र आमच्या प्रांतास नव्हता, म्हणून आमच्या लोकांनीं गवताची पेंढी उचलली व तिच्यासाठीं तुरुंग पत्करला. त्या पेंढीचा अर्थ हा होता कीं, रान हें तेथें राहणाऱ्या प्रजेचें आहे. पुढें स्वराज्य आलें, पण पेंढी उचलणाऱ्यांपैकीं सर्वांच्या दारीं तें पोंचलें नाहीं. म्हणून १९५९ सालीं व पुनः १९६४ च्या डिसेंबरांत कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालीं भूमिहीनांनीं पडीत सरकारी जमीन कसण्यास मागितली, व हजारोंनीं तुरुंग भरले. २७ डिसेंबर १९७८ च्या निर्णयानें महाराष्ट्र सरकारनें १९७२ ते १९७८ ह्या काळांतील शेतीच्या अतिक्रमणांस मान्यता देण्याचें ठरविलें. ह्याचा अर्थ असा कीं, गरिबाचा ताबा हा गुन्हा नव्हे, निकड आहे, हें ह्याच राज्यानें एकदां कबूल केलें आहे. आज तेंच राज्य कृतिदल घेऊन निघतांना आपलें जुनें वचन विसरत असेल, तर तें आठवून देणें हें वृत्तपत्राचें कर्तव्य आहे.

गरीब वसाहतवाले एकीकडे व अरण्य दुसरीकडे, असा देखावा केवळ आमच्याकडेच उभा केला जातो असें नाहीं. ब्राझील देशांत अमेझॉनचें अफाट अरण्य आहे. १९७० च्या सुमारास तेथील सरकारनें रानांतून हमरस्ता काढून कोरडवाहू प्रांतांतील भूमिहीनांस तेथें वसण्यास बोलाविलें. जमीन हलकी, पट्टे अपुरे, बाजार दूर. गरीब थकला व त्यानें साफ केलेलें रान मोठमोठ्या गुरांच्या मळेवाल्यांकडे गेलें. ह्या मळेवाल्यांच्या आड आले ते कोणी वनाधिकारी नव्हेत, तर रबराचा चीक काढून पोट भरणारे मजूर. त्यांचा पुढारी शिको मेंडिस ह्यास २२ डिसेंबर १९८८ रोजीं त्याच्या घरींच गोळी घातली. पण १९९० सालीं त्याच्या नांवानें एक राखीव क्षेत्र झालें: त्यांत राहणाऱ्यांनींच रान राखावें व रानानें त्यांना पोसावें. ह्या हकीकतीपासून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. गरिबाला जेथें निश्चित हक्क नसतो तेथें तो रान तोडतो व धनिकास वाट करून देतो. जेथें निश्चित हक्क असतो तेथें तोच रानाचा पहारेकरी होतो.

त्यासाठीं ब्राझीलला जाण्याचीहि जरूर नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा ह्या गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्यें तेथील ग्रामसभेच्या हातीं बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्यास केंद्रीय मंत्री स्वतः आले. गांवानें बांबू विकला, पैसा गांवच्या कामास लाविला, व रान राखलें. आमच्या मित्रांच्या पहिल्या दोन आक्षेपांचें उत्तर येथें आहे. वनहक्क कायदा केवळ वैयक्तिक शेताचा नाहीं. गुरचरणाचा, निस्ताराचा व रान राखण्याचा सामूहिक हक्कहि तो गांवास देतो. झुडपी जमिनीपैकीं जी कसली गेली आहे ती कसणाऱ्याच्या नांवें, व जी गुरांची आहे ती ग्रामसभेच्या नांवें, अशी वाटणी गांवानें बसून केली तर गाय व नांगर दोघांचेंहि भागेल.

आतां सरकारनें काय करावें तें थोडक्यांत सांगतों. प्रत्येक गांवच्या झुडपी जमिनीची गटवार यादी मराठींत करून चावडीवर लावावी व ग्रामसभेंत वाचून दाखवावी. आपली जमीन यादींत आहे हें माणसास पोलिसाच्या तोंडून कळूं नये. यादींत व्यापारी अतिक्रमण, घर व पोटापुरतें शेत हीं तीन सदरें वेगळीं असावीं, आणि कृतिदलानें पहिल्या सदरापासून आरंभ करावा. पोटापुरत्या शेताच्या बाबतींत वनहक्काच्या दाव्याचा शेवटचा निर्णय होईपर्यंत हात लावूं नये. जुन्या मिसली व निस्तारपत्रकें ह्यांच्या नकला सरकारनें आपण होऊन ग्रामसभेस विनामूल्य द्याव्या. आणि ज्याला १९९६ पूर्वीं रीतसर पट्टा मिळाला त्याचें प्रकरण केंद्राकडे पाठविण्याचें काम त्याच्या गळ्यांत न घालतां कलेक्टर कचेरीनें करावें. निकालाप्रमाणें तें राज्याचेंच काम आहे.

आणि आमच्या वाचकांनीं काय करावें? हा प्रश्न सरकारास विचारून मोकळें होणें सोपें आहे. तुमसरची धानाची पेठ, सिहोऱ्याचा आठवडी बाजार, तेंदूपत्त्याचा व मोहाचा व्यापार हीं सर्व ह्याच टोल्यांच्या कष्टावर चालतात. टोली उठली तर गिऱ्हाईकहि उठलें व मालहि उठला, हें व्यापाऱ्यास आम्हीं शिकविण्याची गरज नाहीं. त्यानें अशा जमिनीवर कर्ज देऊन तिचा ताबा घेण्याचा मोह टाळावा. असला व्यवहार कायद्यांत टिकत नाहीं व माणुसकींतहि टिकत नाहीं. तालुक्याच्या गांवीं सनद घेऊन बसलेले आमचे वकील बंधू वर्षांतून चार रविवार ग्रामसभेंत जाऊन बसले, तर शेंकडों दाव्यांचे कागद रीतसर होतील. शिक्षकानें म्हाताऱ्याची जबानी लिहून घ्यावी. ज्यांनीं मालगुजारीचे दिवस डोळ्यांनीं पाहिले अशीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत, व त्यांच्या तोंडचा पुरावा हा दरवर्षीं चितेवर जात आहे.

दोन वर्षांची मुदत मोठी नाहीं, आणि बांधींत पऱ्हे लावणारा हात अर्ज लिहूं शकत नाहीं. अर्ज लिहूं शकणारे हात आमच्या वाचकांचे आहेत. न्यायालयानें जंगल कोणतें तें ठरविलें; आतां त्या जंगलांत माणूस आहे हें ठरविण्याचें काम उरलें आहे, आणि तें काम न्यायालयाचें एकट्याचें नाहीं.